कॉमन जेसाठी एक विनंतीअर्ज

गंगाधरराव वैरागड्यांनी आयुष्यात तक्रारी पुष्कळ केल्या, पण केलेली तक्रार मागे घ्यायची वेळ त्यांच्यावर एकदाच आली. त्या एका वेळेनं त्यांची जी फजिती केली ती आधीच्या सतरा अर्जांनी मिळूनही केली नव्हती.

तसे ते भांडखोर बिलकूल नव्हते. रेल्वेच्या मालधक्का ऑफिसात छत्तीस वर्षं हेडक्लार्क होते, क्लेम सेक्शनला. कोणाची पोती फुटली, कोणाचं तेल सांडलं, कोणाच्या म्हशी नागपूरऐवजी टाटानगरला गेल्या, अशी साऱ्या मुलखाची गाऱ्हाणी वाचण्यात त्यांची नोकरी संपली. रिटायर झाल्यावर त्यांना वाटलं, आता लिहिण्याची आपली पाळी. अर्ज लिहावा तर गंगाधररावांनीच. विषय, संदर्भ, खाली रेघ, कार्बन घालून तीन प्रती. उत्तर नाही आलं तरी त्यांना वाईट वाटत नसे, पण पोच मात्र पाहिजे. पोच हातात पडली की त्यांना रात्री शांत झोप लागायची.

घर रायपुरात, गुढियारीच्या पलीकडे, रेल्वेतून रिटायर झालेल्यांच्या सोसायटीत. घरामागं कंपाउंडची भिंत, भिंतीपलीकडं गल्ली, आणि गल्लीत ओळीनं सहा अशोक. म्हणजे ते सरळसोट उंच, पानं खाली सोडलेले, जे आपल्याकडे प्रत्येक सरकारी वस्तीत असतात. त्यातल्या तिसऱ्या अशोकाच्या मुळाशी पाण्याच्या पाइपचा जोड चार वर्षांपासून गळत होता. फार नाही, थेंब थेंब. पण बारा महिने तिथं परातीएवढी ओल. गंगाधररावांचे सतरा अर्ज ते याच जोडावर.

आता मधे राज्य झालं. दोन हजार साली नोव्हेंबरात छत्तीसगड झालं, रायपूर राजधानी झालं, आणि गंगाधररावांनी गल्लीत पेढे वाटले. तेव्हापासून गावात कोणत्याही गोष्टीला एकच कारण. रिक्षावाला जास्त मागायचा, आता राजधानी झाली ना. रस्ता खोदला, राजधानी झाली ना. दवाखान्याच्या इमारतीत मंत्रालय भरायला लागलं, तरी लोक कौतुकानं तेच म्हणायचे. मग चार-पाच महिन्यांनी कर्मचाऱ्यांच्या वाटणीची यादी निघाली. गंगाधररावांचा मुलगा पराग सिंचन खात्यात. भांडीकुंडी वाटावी तशी माणसं वाटली, आणि पराग निघाला मध्य प्रदेशाच्या वाट्याला. बायको मीनल आणि नऊ वर्षांची ज्ञानदा यांना घेऊन तो भोपाळला गेला. राजधानी घरी आली आणि मुलगा जुन्या राजधानीत गेला. प्रेमलाबाई, म्हणजे गंगाधररावांची बायको, दोन दिवस जेवल्या नाहीत.

मे महिन्यात ज्ञानदा पंधरा दिवसांसाठी आली ती गाल फुगवून. पोट्टीला मराठी सारं समजे, पण उत्तर द्यायची हिंदीत. त्या खेपेला तेही देईना. तिसऱ्या दिवशी आजोबांनी फारच विचारलं तेव्हा म्हणाली, "नये स्टेट के पेढे आपने ही बाँटे थे ना? फिर हमको क्यों निकाला?"

 गंगाधरराव उगाच बाग बघायला म्हणून मागच्या दारानं गल्लीत गेले. मागून कंटाळलेली ज्ञानदाही आली. आणि तिथं, तिसऱ्या अशोकाखालच्या ओलीत, वीस-पंचवीस फुलपाखरं ओळीनं बसली होती. काळे पंख, मधून फिकट निळा पट्टा, हिरव्या काचेतून आभाळ बघितल्यासारखा. पंख मिटून, खांद्याला खांदा लावून, चिखलात सोंड खुपसून पाणी पीत होती. गंगाधरराव त्या ओलीवर चार वर्षं अर्ज लिहीत होते, आणि तिच्यावर काय बसतं हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

शेजारच्या श्यामराव भोयरांचा पुतण्या शिशिर सायन्स कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा. त्याला बोलावलं. तो म्हणाला, हे कॉमन जे. अशोकाच्या कोवळ्या पानांवर मादी एकेक अंडं घालते, अळी तीच पानं खाते, म्हणून जिथं अशोक तिथं हे. एरवी एवढे चपळ की कुठं टेकत नाहीत, फुलावरसुद्धा पंख फडफडवत उभ्या उभ्या जेवतात. फक्त नर असे ओलीवर शांत बसतात, तासन् तास. पाणी पितात आणि मागून थेंब थेंब सोडून देतात, क्षार तेवढे ठेवतात. हे ऐकून ज्ञानदा एवढी हसली की तिला ठसका लागला. महिनाभरात त्या घरात कोणी हसलं नव्हतं.

मग काय, आजा-नात रोज सकाळी दहाला गोल बाजारातून आणलेली मोठी काळी छत्री उघडून गल्लीत बसायला लागले. गंगाधररावांनी जुनं रजिस्टर काढलं. आगमन १०.१५, संख्या २३, हवा कोरडी, उरल्याच्या कारखान्यांकडून धूळ. ज्ञानदा मोजायची, आजोबा लिहायचे. ती भोपाळला परत गेली तेव्हा स्टेशनवर रडली, आणि त्यानंतर दर रविवारी फोन यायला लागला. आईबापाशी बोलून झालं की ती आजोबांना मागायची, आणि पहिला प्रश्न ठरलेला, पानी टपक रहा है ना? गंगाधरराव सांगायचे, टपकत आहे. वर्षभर त्या गळक्या जोडानं वैरागड्यांचं घर बांधून ठेवलं होतं म्हटलं तरी चालेल.

पुढच्या वर्षी मार्चात एक भानगड झाली. पलीकडच्या सरलाबाईंची मुलगी निधी, तिला बघायला पाहुणे यायचे होते. सरलाबाईंच्या खिडकीतून ती मागची गल्ली दिसते, आणि भिंतीशी लोक उभे राहतात. लोक म्हणजे कोण, तर नाव घ्यायची कोणाची हिंमत नव्हती, पण सगळ्यांना माहीत होतं की रोज पहाटे पाचला फिरायला निघताना तिसऱ्या अशोकाशी थांबणारे गृहस्थ म्हणजे श्यामराव भोयर. मालगाडीचे गार्ड होते ते. मालगाडीच्या गार्डाच्या डब्यात संडास नसतो. चौतीस वर्षं गाडी जिथं थांबेल तिथं उतरायचं, झाड बघायचं, सिग्नल व्हायच्या आत परत चढायचं. अशा माणसाला रिटायर झाल्यावर घरातल्या फरशीच्या खोलीत दार लावून सुचेल कसं? घरात चांगला संडास असूनही श्यामरावांना पहाटे झाडच लागायचं.

सोसायटीचे सेक्रेटरी गंगाधरराव. सरलाबाईंनी भाऊजी भाऊजी करून त्यांच्यामागं भुणभुण लावली. शेवटी त्यांनी नोटीस काढली, नाव न घालता, पण "सेवानिवृत्त व्यक्तींनीही" असा शब्द घालून. शिवाय गोल बाजारातून देवांच्या चौदा टाइल्स आणून भिंतीत ओळीनं बसवल्या. राम, शंकर, दुर्गा, साईबाबा, गुरू नानक, मशीद, चर्च, कोणाला सुटका नको म्हणून सगळे. श्यामरावांनी नोटीस वाचली, टाइल्स बघितल्या, आणि त्या दिवसापासून गंगाधररावांशी बोलणं बंद केलं. चाळीस वर्षांची दोस्ती होती. गंगाधररावांना वाईट वाटलं, पण नियम म्हणजे नियम, असं त्यांनी प्रेमलाबाईंना तीनदा सांगितलं. प्रेमलाबाईंनी एकदाही हो म्हटलं नाही.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी परागचा फोन आला. मीनलच्या भावानं इंदूरला बोलावलं होतं, तिथं पाण्याचे खेळ, घसरगुंड्या, सारं काही. ज्ञानदानं इंदूर नाही म्हटलं. तिला शाळेत प्रोजेक्ट होतं, कॉमन जेवरच करणार म्हणाली, पूर्ण महिना रायपूरला राहणार. "पण बाबा, पाखरं असतील ना? नाही तर दोन दिवसांत कंटाळेल, मग तिचा मामा येऊन घेऊन जाईल. अन मग पुढच्या वर्षी काही ती येत नाही," पराग म्हणाला. गंगाधररावांनी छाती ठोकून सांगितलं, असतील. पाच मेची गाडी ठरली.

आणि दुसऱ्याच दिवशी दारात महापालिकेच्या झोन ऑफिसचा फिटर उभा. त्याच्या हातात गंगाधररावांचा सतरावा अर्ज होता.

नवं राज्य, समस्या निवारण शिबिर, वरून आदेश आलेला. तुमची तक्रार मंजूर झाली, कुठं गळतं ते दाखवा, असं तो मोठ्या आदरानं म्हणाला. गंगाधररावांच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांनी त्याला बसवलं, चहा दिला, चिवडा दिला, परत चहा दिला. तेवढ्यात प्रेमलाबाईंना खूण करून मागच्या गल्लीत ओलीवर बाज टाकायला लावली, आणि स्वतः जाऊन बाजेवर बसले. म्हणाले, कुठं काही गळत नाही, आपोआप बंद झालं. फिटर भला माणूस होता. तो म्हणाला, "अंकलजी, आपकी खटिया के पाये धँस रहे हैं." उद्या उपयंत्री, म्हणजे इंजिनिअर साहेबांना घेऊन येतो म्हणून तो गेला.

गंगाधरराव तडक झोन ऑफिसात पोचले, अर्ज क्रमांक अठरा घेऊन. विषय, तक्रार मागे घेण्याबाबत. खिडकीतल्या बाबूनं तो दोनदा वाचला, चष्मा काढून तिसऱ्यांदा वाचला आणि बाजूच्या बाबूला दाखवला. तक्रार करायला रजिस्टर होतं, तक्रार मागे घ्यायला कॉलमच नव्हता. त्यांनी कारण विचारलं. गंगाधरराव खोटं बोलू शकत नव्हते, आणि फुलपाखरं म्हणायची लाज वाटली, म्हणून म्हणाले, खासगी कारण. बाबूनं मान हलवली. पाणी गळतं, तीन प्रतींत सतरा वेळा ओरडतो, आणि दुरुस्त करायला गेलो तर खासगी कारणानं नको म्हणतो, म्हणजे यानं त्या जोडातून चोरून लाइन घेतली असणार. दुसऱ्या दिवशी उपयंत्री आला तो फावडे घेऊन, अवैध कनेक्शन शोधायला. ज्या माणसानं छत्तीस वर्षांत रेल्वेची टाचणी घरी आणली नाही, त्याच्या न्हाणीघराच्या भिंतीला कान लावून चार लोक पाण्याचा आवाज ऐकत उभे राहिले. सरलाबाई, त्यांची निधी आणि अर्धी सोसायटी गच्चीवरून बघत होती. गंगाधररावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कनेक्शन सापडलं नाही. पण गल्ली खोदलीच होती, तर त्यांनी नवा जोड बसवून टाकला, वर सिमेंट घातलं, आणि पाच वर्षांत पहिल्यांदा तिसरा अशोक कोरडा झाला. ही वॉर्डातली शिबिरात सुटलेली पहिली समस्या. म्हणून पार्षद, म्हणजे नगरसेविका, पद्मिनीदीदी स्वतः आल्या, झेंडूचा हार घेऊन. "कका, तोर काम हो गे," असं छत्तीसगडीत प्रेमानं म्हणत त्यांनी तो गंगाधररावांच्या गळ्यात घातला. फोटो काढला. फॉर्मवर "मैं संतुष्ट हूँ" लिहिलं होतं, त्याखाली सही मागितली. गंगाधररावांनी आयुष्यात अशी सही कुठं केली नव्हती. तीही केली. घरी येऊन हार खुंटीला अडकवला आणि दिवसभर त्याच्याकडे पाठ करून बसले.

आता उरले जेमतेम तीन आठवडे.

पहिल्यांदा त्यांनी साधा विचार केला, ओल गेली तर ओल करू. कूलरच्या टाकीला भोक पाडून नळी भिंतीपलीकडं सोडली. रायपुरात एप्रिलपासून कूलर दिवसभर चालूच असतो, तेव्हा पाणी थेंब थेंब जात राहिलं. दोन दिवसांत आधीएवढीच ओल झाली. गंगाधरराव छत्री उघडून दहाला बसले. कॉमन जे आले, अशोकाच्या शेंड्याशी गरगरले, खाली बघितलं आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. रजिस्टरात आगमनाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, "थांबा नाही."

शिशिरला विचारलं तर तो परीक्षेच्या घाईत होता, म्हणाला क्षार कमी पडत असतील. गंगाधररावांनी ओलीत मीठ टाकलं. ती ओल चाटायला गाय आली, आणि गाय गेली तेव्हा चिखलही तिच्या खुरांबरोबर गेला. मग सैंधव टाकलं, खडे खडे. मग प्रेमलाबाईंच्या बरणीतलं लिंबाच्या लोणच्याचं पाणी, दोन लिंबांसकट. नेमके त्याच संध्याकाळी निधीला बघायला पाहुणे मागच्या गल्लीनं आले. ओलीवर मिठाचे खडे, लिंबं, वर तो झेंडूचा हार, कारण गंगाधररावांनी तो खुंटीवरून काढून रागानं तिथं फेकला होता. मुलाच्या आईनं ते बघितलं आणि म्हणाली, कोणीतरी उतारा टाकला आहे, आपण काही ओलांडत नाही. पाहुणे रिक्षातून परत गेले. सरलाबाई रडत रडत येऊन म्हणाल्या की भाऊजी, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. निधी मात्र मागून हळूच येऊन काका, थँक्यू म्हणून गेली. तिला तो मुलगा पसंतच नव्हता.

मे लागला. परीक्षा संपवून शिशिर आला, ओलीशी उकिडवा बसला, माती बोटानं चोळली, वास घेतला. मग भिंतीकडे बघितलं. चौदा देव ओळीनं त्याच्याकडे बघत होते.

"काका, ह्या टाइल्स कधी लावल्या?"

"मार्चात."

"त्याच्या आधी इथं कोणी लघवी करत होतं का?"

गंगाधररावांनी भोयरांच्या घराकडे बघितलं. शिशिर मान खाली घालून सांगत होता की नुसतं पाणी नको असतं त्यांना, लघवीतले क्षार पाहिजेत. जंगलातसुद्धा जनावरं जिथं मुततात तिथंच ही फुलपाखरं गर्दी करतात. स्वयंपाकाचं मीठ वेगळं. इतकी वर्षं रोज पहाटे इथं कोणीतरी नेमानं, आणि तो कोण हे त्यालाही कळलं असावं, कारण त्याचा चेहरा एकदम लाल झाला आणि तो घड्याळ बघून निघून गेला.

म्हणजे ज्ञानदाचं हसू, ते रविवारचे फोन, ते रजिस्टर, सगळं श्यामरावांच्या कृपेनं चाललं होतं. आणि गंगाधररावांनी त्यांना नोटीस दिली होती.

तीन दिवस उरले होते. पहिल्या दिवशी गंगाधररावांनी ठरवलं, दुसऱ्याच्या पाया का पडायचं, आपण काय कमी आहोत. पहाटे पाचला धोतर सावरून ते गल्लीत गेले, तिसऱ्या अशोकाशी उभे राहिले. समोर राम, शंकर, दुर्गा. त्यांनी तोंड फिरवलं तर साईबाबा. डोळे मिटले, तरी देव बघताहेत हे कळतंच. पंधरा मिनिटं उभे होते. ऑफिसात छत्तीस वर्षं दार लावून, कडी घालून, नळ सोडून सवय झालेला माणूस, त्याला उघड्यावर काही सुचलं नाही. दूधवाला सायकलवरून गेला, त्यानं नमस्कार केला, गंगाधररावांनीही केला आणि आत आले.

प्रेमलाबाई चहा घेऊन उभ्याच होत्या. त्यांना सगळं माहीत होतं, बहुतेक मार्चपासूनच. त्या म्हणाल्या, "अहो, देव काढून आणा आधी. अन मग श्यामराव भाऊजींकडे जा. मी नाही येणार, पण तुम्ही जा."

देव फेकता थोडेच येतात? छिन्नी घेऊन दोघांनी चौदाही टाइल्स सोडवल्या, आंघोळ घातली आणि स्वयंपाकघरात ओट्यावर लावल्या. आता प्रेमलाबाई पोळ्या लाटतात ते चर्च आणि मशिदीकडे तोंड करून. कोणी विचारलं तर म्हणतात, सगळे जेवायला आले आहेत.

संध्याकाळी गंगाधरराव श्यामरावांच्या दारात उभे राहिले. श्यामराव व्हरांड्यात खुर्चीवर, समोर जुना गार्डाचा दिवा पुसत बसले होते. वर बघितलं नाही. गंगाधररावांनी घसा साफ केला, इकडचं तिकडचं बोलले, उन्हाचं बोलले, उरल्याच्या धुळीचं बोलले. मग एकदाचं सांगून टाकलं. पाखरं, ज्ञानदा, इंदूरचा मामा, शिशिरनं काय सांगितलं ते. या वेळी फुलपाखरं म्हणायची त्यांना लाज वाटली नाही.

श्यामरावांनी दिवा खाली ठेवला. मग म्हणाले, "गंगाधर, तू मले लिहून हाकललं. आता लिहूनच बोलाव."

"काहून बे असा करून राहिला? पोट्टी परवा येऊन राहिली."

"म्हणून तर आजच लिही. मले पोच देता येते."

झालं. सोसायटीत सगळ्यात सुंदर अक्षर असलेल्या माणसानं त्या संध्याकाळी दिव्याखाली बसून आयुष्यातला सगळ्यात अवघड अर्ज लिहिला. तो मी वाचला आहे, श्यामरावांनी काचेत लावून ठेवला आहे.

"प्रति, श्री. श्यामराव भोयर, सेवानिवृत्त गार्ड. विषय : पहाटेची पूर्वापार सेवा पुनश्च सुरू करण्याबाबत. महोदय, सविनय विनंती की आपण तिसऱ्या अशोकाच्या मुळाशी जी सेवा खंड न पडू देता देत होता, ती माझ्या दिनांक दहा मार्चच्या नोटिशीमुळे बंद पडली आहे. सदर नोटीस मी बिनशर्त मागे घेत आहे. 'सेवानिवृत्त व्यक्तींनीही' हा शब्द लिहिताना माझी चूक झाली, आपणास दुःख झाले, त्याचे मला फार वाईट वाटते. तरी माझ्या नातीसाठी कृपा व्हावी. आपला, गं. म. वैरागडे."

श्यामरावांनी अर्ज वाचला. शेवटच्या ओळीशी ते थांबले आणि चष्म्याच्या काचा पुसल्या. मग खाली सही करून, तारीख घालून पोच दिली. अशा रीतीनं गंगाधररावांना आपली एक तरी तक्रार मागे घेता आली.

पण श्यामरावांनी एक अट घातली. पावणेदोन महिन्यांचा खाडा एकट्यानं भरून निघणार नाही, तूही यायचं. नाही जमत म्हटलं तर म्हणाले, गाडी रुळावर उभी असल्यासारखं समज, समोर सिग्नल लाल आहे, कोणाला घाई नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला दोन म्हातारे तिसऱ्या अशोकाशी बाजूबाजूला उभे राहिले. श्यामराव त्यांना डोंगरगडच्या घाटात गाडी अडकली होती त्या वेळची गोष्ट सांगत होते, गंगाधरराव ऐकण्यात गुंगले, आणि जमलं. सरलाबाईंची खिडकी उघडली आणि लगेच बंद झाली. गंगाधररावांनी मान वर केली नाही.

पाच मेला ज्ञानदा आली. बॅग टाकून, पायात चपला तशाच, मागच्या दारानं गल्लीत धावली. ओलीवर एकही पाखरू नव्हतं. तिनं आजोबांकडे बघितलं. गंगाधरराव उगाच छत्री झटकायला लागले. दुपारी इंदूरहून मामाचा फोन आला, तो ती बराच वेळ ऐकत होती. सहा तारखेला चार आले, थोडा वेळ बसले. सात तारखेला गंगाधररावांनी छत्री उघडायच्या आत ज्ञानदा ओरडत आली, आणि रजिस्टरात लिहिलं गेलं, आगमन ९.५०, संख्या १९. मामाला तिनं आपणहून फोन केला, अभी नहीं, प्रोजेक्ट चल रहा है.

महिनाभर चाललं. तिनं अशोकाच्या पानावरची अंडी शोधली, अळी बघितली, काचेच्या बरणीत हिरवा कोष ठेवला आणि त्यातून नवा कॉमन जे बाहेर येताना दोन्ही आजोबांना बोलावून दाखवला. पहाटेचं मात्र तिच्यापासून लपवलं होतं. तरी लहान पोर, ती कधी ना कधी पाच वाजता उठणारच. एके दिवशी उठली, खिडकीतून बघितलं; गंगाधररावांनी ओठांवर बोट ठेवून कोणाला सांगू नको म्हटलं, आणि ती परत झोपली. गंगाधररावांना वाटलं, विसरली असेल.

जुलैत शाळा सुरू झाली. पहिल्या रविवारी परागचा फोन आला, आवाज पार पडलेला. बाईंनी प्रोजेक्ट सगळ्या वर्गासमोर वाचून दाखवलं म्हणे. "कॉमन जे : स्वभाव और आवास". चित्रं छान, अक्षर आजोबांच्या वळणाचं. आणि भोजन या मथळ्याखाली लिहिलं होतं, "नर तितलियों को नमक मेरे आजोबा और श्यामराव आजोबा रोज़ सुबह पाँच बजे अशोक के नीचे खड़े होकर देते हैं. आजोबा ने किसी को बताने से मना किया है, लेकिन विज्ञान में छिपाना नहीं चाहिए." बाईंनी त्यावर लाल शाईनं "उत्तम निरीक्षण" लिहिलं होतं. पराग म्हणाला, बाबा, मी आता पालक सभेला कोणत्या तोंडानं जाऊ?

गंगाधररावांचे कान तापले. भोपाळला आपल्याला आता जन्मात जाता येणार नाही, एवढं त्यांना कळलं. ते फोन ठेवणार होते, तेवढ्यात तिकडून पोरीनं हिसकून घेतला. आणि आयुष्यात पहिल्यांदा, आईबापांच्या पुढ्यात, ज्ञानदा त्यांच्याशी मराठीत बोलली.

"आजोबा, मी दिवाळीले येऊन राहिली. तोवर बंद नका करू."

 गंगाधररावांचे डोळे भरले होते, ते त्यांनी प्रेमलाबाईंच्या पदराला पुसले, कारण तोच जवळ होता. मग हो म्हणाले, दोनदा म्हणाले. फोन ठेवून तसेच भोयरांच्या बाजूच्या भिंतीशी गेले आणि पलीकडं हाक मारली. म्हणाले, श्यामराव, दिवाळीपर्यंत मुदत वाढवून पाहिजे.

"अर्ज आण," पलीकडून आवाज आला.

गंगाधरराव आत आले, टेबलाशी बसले आणि दोन कागदांच्या मधे कार्बन घातला.